टॅपेट सेटिंग पत्तीने करा, कानाने नको

‘टॅपेट वाजतोय, जरा टाइट करून द्या.’ दुचाकीच्या गॅरेजमध्ये हे वाक्य रोज ऐकू येतं. टॅपेट म्हणजे इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे वरच्या भागात, वॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या टोकाचा स्क्रू. फिटर गरम इंजिनावरच झाकण खोलतो, चेक नट (स्क्रू जागेवर पकडून ठेवणारा नट) ढिला करतो, रॉकर हलायचा बंद होईपर्यंत स्क्रू आवळतो आणि नट मारून टाकतो. आवाज जातो, गिऱ्हाईक खूष होऊन जातं. काही हजार किलोमीटरनंतर तीच गाडी गरम झाली की स्टार्ट होत नाही म्हणून परत येते, आणि हेड खोललं तर एक्झॉस्ट वॉल्व्हची कड जळून गेलेली असते.

ढिला टॅपेट बोंब मारतो. टाइट टॅपेट गप्प बसतो आणि वॉल्व्ह खातो. म्हणून आवाज हा टॅपेट तपासण्याचा मापदंड होऊच शकत नाही. मापदंड एकच, फिलर गेजची पत्ती, म्हणजे फट मोजायची ठरावीक जाडीची पातळ पट्टी.

फट ठेवायची कशासाठी?

कॅम (उंचवटा असलेला फिरता दांडा) फिरतो, रॉकर ढकलतो, रॉकरच्या दुसऱ्या टोकाचा स्क्रू वॉल्व्हची दांडी दाबतो आणि वॉल्व्ह उघडतो. वॉल्व्ह बंद असताना हा स्क्रू आणि दांडी यांच्यामध्ये थोडी फट राहिली पाहिजे. इंजिन तापलं की धातू फुगतो, फट कमी होते. थंड असतानाच फट नसेल, तर गरम झाल्यावर वॉल्व्ह पुरता बसणारच नाही.

वॉल्व्हच्या डोक्यातली बरीचशी उष्णता बाहेर जाते ती तो सीटवर टेकलेला असतानाच. टेकणंच झालं नाही तर उष्णता जायला वाट नाही, वर जळता गॅस त्याच बारीक फटीतून सुसाट बाहेर पडतो. कड आधी पांढुरकी पडते, मग तिथे खाच पडते. एक्झॉस्टची, म्हणजे जळलेला गॅस बाहेर सोडणारी बाजू जास्त तापते, म्हणून पुष्कळ इंजिनांत एक्झॉस्टची फट इनलेटपेक्षा (मिश्रण आत घेणाऱ्या वॉल्व्हपेक्षा) जास्त दिलेली असते. बजाज पल्सर १५० डीटीएस-आयचं उदाहरण घ्या: थंड इंजिनावर इनलेट ०.०५ मिमी, एक्झॉस्ट ०.१० मिमी. छपाईच्या साध्या कागदाची जाडी ०.१ मिमीच्या आसपास असते. म्हणजे एक्झॉस्टला एका कागदाची जागा आणि इनलेटला त्याच्या निम्मी, इतकाच हा मामला. हे कानाला कसं कळणार?

आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघूनच पत्ती उचला. एकाच कंपनीच्या दोन गाड्यांचाही सारखा नसतो, आणि ‘सगळ्या शंभर सीसीला हेच चालतं’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

वाजतोय तो टॅपेटच आहे का?

टॅपेटचा आवाज बारीक, कोरडा, एका लयीत ‘टिक टिक टिक’ असा हेडमधून येतो. कॅम क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे आयडलला हे ठोके सावकाश आणि मोजता येतील असे वाटतात. लांब पेचकसाचं टोक हेडवर टेकवून मूठ कानाच्या हाडाला लावली की जागा नेमकी सापडते.

टायमिंग चेन सैल असेल तर खरखर येते आणि ती रेस सोडताना वाढते. थंड इंजिनात खोल, जाडसर ठोका येऊन गरम झाल्यावर कमी झाला तर पिस्टन ब्लॉकमध्ये सैल झालाय. सायलेन्सरचा बेंड हेडला जिथे बसतो तिथलं पॅकिंग फुटलं असेल तर ‘फट् फट्’ येतं, आणि हा आवाज टॅपेटसारखा इतका हुबेहूब असतो की भलेभले फसतात. थंड गाडी स्टार्ट करून लगेच त्या सांध्याजवळ, न टेकवता, हात धरा. हवेचे झटके लागले तर टॅपेटला हात लावू नका.

टाइट टॅपेटची लक्षणं आवाजात नसतात. गाडी थंड असताना ठीक, पण सिग्नलला गरम होऊन बंद पडली की किक मारून घाम निघतो. आयडल टिकत नाही. रेस सोडली की सायलेन्सरमध्ये फटाके फुटतात. किक नेहमीपेक्षा हलकी लागते, कारण कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गळतंय. असं काही दिसलं की आवाज नसला तरी टॅपेट तपासायचे.

हत्यारं

फिलर गेजचा संच घेताना ०.०५ मिमीची पत्ती आहे का ते आधी बघा. काही स्वस्त संच गाडीच्या कामाचे नसतात, त्यात सगळ्यात पातळ पत्तीच जाड असते. ०.०५ ते ०.२० पर्यंतच्या बारीक पायऱ्या हव्यात. इंचाचा संच असेल तर ०.००२ इंच म्हणजे ०.०५ मिमी आणि ०.००४ इंच म्हणजे ०.१० मिमी. संचातली पत्ती रुंद असते आणि टॅपेटच्या भोकात आडवी येते. पातळ पत्ती कात्रीने निम्म्या रुंदीची कापून, कडेचा काटा बारीक पॉलिश पेपरने घालवून, टोकाकडे थोडा बाक दिला की काम सोपं होतं.

बाकी प्लग पाना, टॅपेटच्या झाकणाचा रिंग पाना (बऱ्याच छोट्या इंजिनांना १७ नंबर), चेक नटसाठी छोटा रिंग पाना (८, ९ किंवा १०), आणि स्क्रू धरायला त्याच्या डोक्याप्रमाणे साधन. होंडा वळणाच्या शंभर सीसी इंजिनांत स्क्रूचं डोकं चौकोनी असतं. त्यासाठी छोटा चौकोनी टॅपेट पाना मिळतो, तो घ्याच. पक्कडीने धरलं की दोन वेळांत चौकोन गोल होतो. काही गाड्यांत स्क्रूला पेचकसाची खाच असते. सोबत झाकणांच्या नव्या ओ-रिंग, स्वच्छ चिंधी, छोटं ताट आणि रॉकेल किंवा डिझेल लावलेला ब्रश.

थंड म्हणजे थंड

होंडाच्या मॅन्युअलमध्ये थंड इंजिनाची मर्यादा ३५ अंश सेल्सियस दिलेली असते. ‘हात लावता येतो’ एवढ्याने भागत नाही. गाडी रात्रभर सावलीत उभी राहिलेली हवी, काम सकाळी करायचं. अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. तिथे दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं इंजिन चालू न करताही थंड म्हणता येत नाही. त्या दिवसांत पहाटेच उरकून घ्यावं.

खोलणं

गाडी सपाट जागेवर मेन स्टँडला लावा. स्प्लेंडरसारख्या आडव्या सिलिंडरच्या इंजिनावर शिकणं सगळ्यात सोपं, कारण टाकी काढावी लागत नाही. हेडवर दोन षटकोनी झाकणं असतात, वरचं इनलेटचं आणि खालचं एक्झॉस्टचं. उभ्या सिलिंडरच्या गाड्यांत बहुधा सीट आणि टाकी काढावी लागते. फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल, म्हणजे २०२० च्या एप्रिलनंतरच्या बीएस-६ गाड्या बहुतेक अशाच, तर पेट्रोलचा पाइप दाबाखाली असतो हे लक्षात ठेवा. कनेक्टर काढताना पेट्रोल उडतं. चावी बंद, पाइपावर कापड, जवळ विडी-काडी नाही.

झाकण खोलण्याआधी आजूबाजूची सगळी घाण ब्रशने काढा. आडव्या इंजिनाच्या खालच्या झाकणावर पुढच्या चाकाने उडवलेला चिखल वाळून घट्ट बसलेला असतो. तो तसाच ठेवून झाकण फिरवलं की माती सरळ रॉकरवर पडते. त्या झाकणातून थोडं ऑइलही गळतं, म्हणून खाली ताट ठेवा. झाकण अडकलं असेल तर पाना नीट बसवून एकच कोरडा झटका द्या. हळूहळू जोर वाढवत गेलात तर षटकोन घसरतो.

प्लग काढा. कॉम्प्रेशन गेलं की इंजिन हाताने अलगद फिरतं आणि हवं तिथे थांबतं. पल्सरला दोन प्लग आहेत, पण त्यातला सोयीचा एक काढला तरी काम भागतं. प्लगच्या खड्ड्यात साचलेली वाळू आधी हवेने किंवा ब्रशने काढा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते.

डाव्या बाजूच्या मॅग्नेट कव्हरवर (मॅग्नेट म्हणजे क्रँकच्या टोकावर फिरणारं चुंबकाचं चाक) सहसा दोन बुच असतात. मधलं मोठं, त्याच्या आत क्रँकचा नट. आणि वर छोटं, खुणा बघण्याचं. ही बुचं वर्षानुवर्षं न उघडल्याने घट्ट झालेली असतात. खाच रुंद असते आणि नेहमीच्या पेचकसाने ती कुरतडली जाते. जाड वॉशर खाचेत उभा घालून पक्कडीने फिरवा.

पिस्टन टॉपला आणणं

टॉप म्हणजे पिस्टन सगळ्यात वर पोचलेली जागा. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे वेळ लागला तरी चालेल.

क्रँक पुढच्याच दिशेने फिरवायचा. मॅग्नेट डावीकडे आणि क्रँक चाकांच्याच दिशेने फिरणारा असेल, तर डावीकडून बघताना घड्याळाच्या उलट. मधल्या नटला १४ किंवा १७ चा गोटी पाना लावून फिरवता येतं, पण त्या दिशेला नट सैल होण्याची भीती असते. त्यापेक्षा गाडी टॉप गिअरला टाका आणि मेन स्टँडवर मागचं चाक हाताने पुढे फिरवा. चाकाचं थोडं फिरणं आणि क्रँकचं थोडं फिरणं यांचा अंदाज दोन-तीन वेळांत येतो.

छोट्या भोकातून बघत राहा. मॅग्नेटवर ‘टी’ची खूण दिसेल, आणि तिच्या अलीकडे ‘एफ’ची. ‘एफ’ ही स्पार्क पडण्याची जागा, टॉपची नाही. ‘एफ’वर थांबून टॅपेट लावणारे कमी नाहीत. ‘टी’ची रेघ कव्हरवरच्या खाचेसमोर आली पाहिजे.

आता दुसरा पेच. चार स्ट्रोकच्या इंजिनात ‘टी’ची खूण एका चक्रात दोनदा समोर येते. एकदा कॉम्प्रेशनला, जेव्हा दोन्ही वॉल्व्ह बंद असतात. एकदा एक्झॉस्ट संपताना, जेव्हा एक बंद होत असतो आणि दुसरा उघडू लागलेला असतो. दुसऱ्या जागी फट मोजली तर मिळणारा आकडा निरर्थक. ओळखायचं असं: चाक फिरवताना इनलेटच्या रॉकरकडे लक्ष ठेवा. तो खाली दबेल, म्हणजे वॉल्व्ह उघडला. मग वर येऊन थांबेल. त्यानंतर येणारी पहिली ‘टी’ कॉम्प्रेशनची. तिथे थांबा आणि दोन्ही रॉकर बोटांनी हलवा. दोन्हींत किंचित खेळ लागला पाहिजे. एक जरी दाबाखाली कडक लागला आणि तुम्हाला जागेची खात्री नसेल, तर क्रँक पूर्ण एक फेरी फिरवून पुन्हा ‘टी’वर आणा आणि परत बघा. दोन्ही ठिकाणी तोच वॉल्व्ह कडक लागला, तर तो टॅपेट खरोखरच टाइट आहे. नेमका हाच आजार शोधायला तुम्ही बसलात.

खूण थोडी पुढे गेली तर मागे फिरवून आणू नका. काही इंजिनांच्या कॅममध्ये किक हलकी व्हावी म्हणून एक्झॉस्ट थोडा उचलून धरणारी यंत्रणा असते, आणि उलट फिरवल्यावर तीच फट खोटी दाखवते. दोन फेऱ्या पुढे फिरवून पुन्हा या.

मोजणं

काही बदलण्याआधी आत्ताची फट मोजून कागदावर लिहा. हे पुष्कळ जण टाळतात, आणि मग वॉल्व्हचं काय चाललंय याचा माग राहत नाही.

पत्ती ऑइलच्या बोटाने पुसून स्क्रूच्या टोकाखाली सरळ सरकवा, तिरकी नको. बरोबर मापाची पत्ती अडखळत, सारखा ताण देत सरकते. जाड पुस्तकाखाली दाबलेलं पान ओढताना जसा ताण लागतो तसा. पण एका पत्तीच्या ‘फील’वर विसंबू नका, कारण प्रत्येकाचा हात वेगळा. आजूबाजूच्या दोन पत्त्या लावा: ०.१० हवं असेल तर ०.०८ सुळकन गेली पाहिजे आणि ०.१३ आत शिरताच कामा नये. मधली काहीही म्हणो, या दोघींचा निकाल पक्का असतो.

एक फसवणूक इथेच लपलेली असते. हजारो किलोमीटर ठोके देऊन स्क्रूच्या गोलसर टोकाला मधोमध एक बारीक खड्डा पडतो, वॉल्व्हच्या दांडीच्या टोकाएवढा. सपाट पत्ती त्या खड्ड्यात उतरत नाही, कडांवरच टेकते. पत्ती ०.१० म्हणते, खरी फट ०.१५ असते, आणि ‘आत्ताच सेट केला तरी वाजतोय’ अशी तक्रार येते. टॉर्च मारून छोट्या आरशात टोक बघा किंवा स्क्रू पूर्ण काढून नखाने चाचपा. खड्डा असेल तर स्क्रू बदला. स्क्रूची किंमत किरकोळ आहे; तो घासून गोल करायच्या भानगडीत पडू नका, कारण कठीण केलेला थर वरवरचाच असतो.

सेट करणं

स्क्रू चौकोनी पान्याने धरून ठेवा आणि रिंग पान्याने चेक नट फक्त पाव ते अर्धा फेरा ढिला करा. नट खूप सैल सोडला की स्क्रू आट्यांत डुलतो आणि माप हातात राहत नाही.

या स्क्रूचे आटे बारीक असतात. होंडा वळणाच्या छोट्या इंजिनांत स्क्रू ५ मिमीचा आणि आट्याचं अंतर ०.५ मिमी. म्हणजे पूर्ण एक फेरा फिरवला तर फट ०.५ मिमीने बदलते आणि एक दशांश फेऱ्यात ०.०५ मिमीने. घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणा: मिनिटकाटा सहा मिनिटं सरकतो तेवढं फिरवलं की ०.०५ मिमीचा फरक. पान्याची मूठ ‘जराशी’ फिरवली म्हणणाऱ्याने पल्सरच्या इनलेटची अख्खी फट खाऊन टाकलेली असते.

पत्ती जागेवर ठेवूनच स्क्रू हलके आत फिरवा, पत्तीला ताण लागला की थांबा. मग स्क्रू त्याच जागी घट्ट धरून चेक नट आवळा. आणि आता, पत्ती काढून, पुन्हा घालून बघा. नव्वद टक्के वेळा माप बदललेलं असतं. दोन कारणं असतात. नट आवळताना स्क्रू आट्यांतल्या खेळाइतका वर ओढला जातो, त्यामुळे फट वाढते. किंवा हात घसरून स्क्रू नटाबरोबर किंचित फिरतो, त्यामुळे फट कमी होते. प्रत्येक वेळी वाढतच असेल, तर आधीच थोडं टाइट सेट करून नट मारा, म्हणजे तो बरोबर मापावर येऊन बसेल. तीन-चार वेळा करावं लागलं तर त्यात काही कमीपणा नाही. सराव झालेल्या हातालाही दोनदा करावं लागतं.

नट किती आवळायचा? ५ मिमी स्क्रूच्या छोट्या नटला ९ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं, म्हणजे छोटा पाना डोक्याजवळ धरून मनगटाने दिलेला जोर. लांब पान्याला लटकलात तर स्क्रूचे आटे जातात किंवा नट चिरतो. ढिला राहिला तर नट सुटून हेडमध्ये पडतो, आणि मग तो शोधायला हेड खोलण्याशिवाय गत्यंतर नाही.

मापात शंका राहिलीच, तर एक्झॉस्टला थोडं जास्त असलेलं बरं. ०.१२ वर फार तर थोडा आवाज येईल, ०.०७ वर आवाज येणार नाही आणि वॉल्व्ह जाईल. या एका ठिकाणी गोंगाट करणाऱ्याच्या बाजूने कौल द्यावा.

दोन्ही वॉल्व्ह झाले की क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवा, पुन्हा कॉम्प्रेशनच्या ‘टी’वर या आणि दोन्ही मापं परत घ्या. ही फेरतपासणी टाळून झाकण लावणं म्हणजे काम अर्धं सोडणं. मापं सारखी आली तर झाकण लावा. नाही आली तर एकतर पहिल्यांदा टॉप चुकला होता किंवा नट नीट बसलेला नाही.

बंद करणं

झाकणांच्या जुन्या ओ-रिंग चपट्या झालेल्या असतात. नव्या घाला, त्यांना इंजिन ऑइलचं बोट लावा, म्हणजे झाकण फिरवताना रबर पिळवटत नाही. झाकण आधी हाताने फिरवा. आटे वाकडे गेले तर लगेच कळतं. हेड ॲल्युमिनियमचं आहे, एकदा आटे गेले की लेथवाल्याकडे जावं लागतं. गळती थांबवायला सिलिकॉन थापू नका. त्याचे तुकडे सुटून ऑइलच्या जाळीत अडकतात.

प्लग हाताने लावून मग पान्याने आवळा, बुचं लावा, ऑइलची पातळी बघा. गाडी स्टार्ट केल्यावर आयडल बदललेलं जाणवेल, विशेषतः आधी टॅपेट टाइट असतील तर. आता कॉम्प्रेशन पूर्ण मिळतंय, म्हणून आरपीएम वाढतो. कार्बोरेटरवाल्या गाडीत इंजिन गरम झाल्यावर आयडलचा स्क्रू फिरवून मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. हलकी, सारखी टिकटिक राहिली तर राहू द्या. तो ठेवलेल्या फटीचाच आवाज आहे.

सेट करूनही जमत नसेल तर

माप बरोबर, स्क्रूचं टोक चांगलं, तरी एकच टॅपेट वाजतो. मग रॉकरचा कॅमवर घासणारा भाग बघा. तिथे खरवड, निळसर डाग किंवा खपली निघालेली दिसली तर ऑइल कमी पडलेलं आहे किंवा ऑइलची वाट तुंबलेली आहे. रॉकर बदलताना कॅमही तपासा. खरवडलेल्या कॅमवर नवा रॉकर टिकत नाही. रॉकर पिनवर आडवा डुलत असेल तर पिन आणि भोक झिजलंय.

एक्झॉस्ट वारंवार टाइट होत असेल तर वॉल्व्ह सीटमध्ये रुतत चाललाय किंवा त्याची कड पसरलीय. अशा वेळी पुन्हा पुन्हा स्क्रू सोडत राहण्यात अर्थ नाही. हेड काढून सीट आणि वॉल्व्ह घासून बसवावे लागतात, किंवा वॉल्व्ह बदलावा लागतो. बरोबर फट ठेवूनही गरम इंजिन किकवर घेत नसेल तर आधीच जळलेला वॉल्व्ह टॅपेटने बरा होणार नाही.

बुलेटचं गणित वेगळं

कास्ट आयर्न इंजिनाच्या जुन्या बुलेटला फिलर गेज लागतच नाही. तिथे कॅमपासून रॉकरपर्यंत लांब पुश रॉड असतात आणि सेटिंग वर हेडमध्ये नाही, खाली ब्लॉकच्या पायथ्याशी, उजव्या बाजूच्या छोट्या दरवाजाआड असतं. कारखान्याचं माप थंड इंजिनावर ‘शून्य’: रॉडला वर-खाली खेळ नको, पण बोटांत धरून तो सहज फिरला पाहिजे. इंजिन तापलं की ब्लॉक आणि हेड रॉडपेक्षा जास्त तापून वाढतात, त्यामुळे इथे फट उघडत जाते. म्हणून थंड असताना शून्य परवडतं. हे शून्य इतर गाड्यांना लावलं की वॉल्व्ह जळतात, आणि बुलेटवर शिकलेल्या हातांकडून ही चूक होतेही.

प्लग काढून, टॉप गिअरला मागचं चाक फिरवून पिस्टन कॉम्प्रेशनला टॉपवर आणा. प्लगच्या भोकातून प्लास्टिकचा स्ट्रॉ घातला की पिस्टन वर येताना कळतो. लोखंडी सळी घालू नका, पिस्टनवर ओरखडा पडतो किंवा ती अडकते. दोन्ही रॉड मोकळे लागले की जागा बरोबर. दरवाजाचा नट काढा. आत प्रत्येक रॉडखाली एकावर एक तीन षटकोन दिसतात. दोन पातळ पाने लागतात. खालचा षटकोन एकाने धरून ठेवायचा, मधला चेक नट दुसऱ्याने सोडायचा, मग वरचा भाग फिरवून रॉड जेमतेम मोकळा राहील असं करायचं. नट आवळल्यावर रॉड परत फिरवून बघायचा, आणि इथेही पहिल्या फेरीत तो थोडा आवळला गेलेला असतोच. अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवताना रॉड थोडा जरी अडखळला तरी अजून सोडा. दरवाजाचा नट फार आवळला तर पत्रा मधून वाकतो आणि मग कितीही नवं पॅकिंग घाला, ऑइल गळतंच.

त्यानंतरच्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या) इंजिनाच्या बुलेट आणि क्लासिकला हायड्रॉलिक टॅपेट आहेत. ते ऑइलच्या दाबावर फट स्वतः भरून काढतात. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी स्टार्ट केल्यावर काही क्षण टिकटिक करून गप्प होते, ती ऑइल भरेपर्यंतची. तिथे सेट करायला काही नाही.

चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकसारख्या गाड्यांत स्क्रू नसतो, मापाची चकती म्हणजे शिम असतो. मोजणं तेच, पण माप बदलायचं तर शिमच बदलावा लागतो. हिशेब सोपा: जुना शिम अधिक मोजलेली फट वजा हवी असलेली फट. शिम २.५० मिमीचा, फट ०.०८ निघाली आणि हवी ०.१५ असेल, तर नवा शिम २.४३ चा, म्हणजे मिळणाऱ्यांतला त्याच्या सगळ्यात जवळचा. त्यासाठी कॅम उतरवावा लागला तर टायमिंगच्या खुणा आणि बोल्टचा टॉर्क नीट पाळावा लागतो. पहिलं टॅपेट सेटिंग या गाडीवर करायला घेऊ नका.

किती दिवसांनी?

मॅन्युअलमधलं वेळापत्रक पाळा. नव्या इंजिनाची किंवा हेड काढून वॉल्व्ह बसवलेल्या गाडीची पहिली तपासणी लवकर, ५०० ते १००० किलोमीटरला करा, कारण नवी सीट सुरुवातीला थोडी बसते. गाडी दिवसभर डिलिव्हरीवर पळत असेल, घाटात दोन माणसं आणि सामान घेऊन चढत असेल, तर वेळापत्रकाच्या आधी बघावं लागतं.

वहीच्या एका पानावर तारीख, किलोमीटर, इनलेट, एक्झॉस्ट, ‘आधी’ आणि ‘नंतर’ एवढंच लिहा. इनलेटचा ‘आधी’चा आकडा दर वेळी थोडा वाढलेला दिसेल, रॉकर आणि स्क्रू झिजतात म्हणून. एक्झॉस्टकडे मात्र नीट बघा. दर वेळी ०.१० वर सेट करूनही पुढच्या तपासणीला ०.०९, मग ०.०७, मग ०.०४ सापडला, तर पुढच्या खेपेला पत्ती घेऊन बसण्याऐवजी हेडचं पॅकिंग आणून ठेवा.